चाळणीची भोके कोण मोजणार?

मुलांच्या हाती मोबाईल आला, की त्याच्या पाठोपाठ घरात एक प्रश्न येतो. यात कोणते सॉफ्टवेअर घालावे, म्हणजे मूल इंटरनेटवर सुरक्षित राहील? पालकसभेत हा प्रश्न शिक्षकांकडे वळतो, कारण शिक्षकांना हे ठाऊक असणारच अशी पालकांची समजूत असते. उत्तर शोधायला बसलेल्या शिक्षकांना मग 'सर्वोत्तम दहा' अशा मथळ्याचे तक्ते सापडतात. एका बाजूला सॉफ्टवेअरची नावे, वरच्या ओळीत सोयींची यादी, आणि जिथे सोय आहे तिथे बरोबरची खूण. ज्याच्यापुढे खुणा जास्त, ते सॉफ्टवेअर चांगले.

या लेखात तक्रार आहे ती या तक्त्यांविषयी. एखाद्या औषधाच्या वेष्टनावर त्यातल्या घटकांची लांबलचक यादी असावी, पण ते किती रोग्यांना लागू पडले आणि किती जणांना बाधले याबद्दल अवाक्षर नसावे, तसा हा प्रकार आहे. एरवी वर्गात 'मोजून पाहा' असे आपण मुलांना सांगतो. मग मुलांच्याच सुरक्षिततेची वस्तू निवडताना नुसत्या खुणा मोजून भागेल का? निवड करायचीच असेल, तर ती वस्तू कोणते काम करते, ते करताना किती चुकते, आणि तिच्यामुळे नवा धोका निर्माण होतो का, हे आधी पाहायला हवे.

चाळणी काम कशी करते?

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्याच सुमारास अमेरिकेच्या बाजारात सर्फवॉच, सायबर पॅट्रोल, सायबरसिटर अशा आज्ञावल्या येऊ लागल्या होत्या. तेव्हापासून आजतागायत या वस्तूची मूळ तत्त्वे फारशी बदललेली नाहीत. ती चार आहेत.

पहिले तत्त्व शब्दांचे. ठरावीक शब्द पानावर किंवा पत्त्यात दिसला, की पान अडवायचे. दुसरे तत्त्व वर्ज्य यादीचे. कंपनीने आधीच वाईट ठरवलेल्या संकेतस्थळांची यादी असते आणि तेवढी उघडत नाहीत. तिसरे याच्या उलट. परवानगी दिलेली मोजकी संकेतस्थळे उघडतात, बाकी सारे जग बंद. चौथे तत्त्व अंदाजाचे. हजारो नमुन्यांवरून 'शिकलेले' यंत्र नवे पान किंवा नवे चित्र पाहून ते कोणत्या प्रकारचे असावे, हे ठरवते.

चाळणी कुठे बसवली आहे, यावरही बरेच अवलंबून असते. ती घरच्या राउटरमध्ये बसवता येते. संकेतस्थळाचे नाव सांगितल्यावर त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी जी सेवा असते, तिथेही बसवता येते. क्लाउडफ्लेअर कंपनीने २०२० मध्ये घरांसाठी अशी फुकट सेवा सुरू केली. पण आजकाल बहुतेक संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध असते. बंद पाकिटासारखी. वाटेत बसलेल्या चाळणीला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतले पत्र दिसत नाही. म्हणून अशी चाळणी यूट्यूब सगळेच्या सगळे बंद करू शकते किंवा सगळे उघडे ठेवू शकते. त्यातला एक नकोसा व्हिडिओ तिला वेगळा काढता येत नाही. शिवाय मुलाने घरचे वाय-फाय बंद करून मोबाईलचा डेटा चालू केला, की राउटरमधली चाळणी घरीच राहते.

मोबाईलमध्येच बसणाऱ्या चाळण्यांना याहून जास्त दिसते. गूगलचे फॅमिली लिंक २०१७ मध्ये आणि अ‍ॅपलचे स्क्रीन टाइम २०१८ मध्ये आले. दोन्ही विनामूल्य आहेत. कोणते अ‍ॅप घ्यायचे, किती वेळ वापरायचे, रात्री फोन कधी बंद व्हायचा, एवढी कामे ती करतात. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये याखेरीज काय मिळते, हा प्रश्न पालकांनी पैसे मोजण्यापूर्वी जरूर विचारावा.

दोन प्रकारच्या चुका

कोणतीही चाळणी दोन तऱ्हांनी चुकते. अडवायला हवे ते ती सोडते, आणि सोडायला हवे ते अडवते. या दोन चुका एकमेकींशी बांधलेल्या असतात. पिठाची चाळण बारीक घेतली, की कोंडा जास्त अडतो, पण जाडसर पीठही वरच राहते.

जाहिरातीत पहिल्याच चुकीचा उल्लेख असतो, दुसरीचा सहसा नसतो. याचे नमुने मात्र पहिल्या दिवसापासून आहेत. १९९६ मध्ये सर्फवॉचने खुद्द व्हाइट हाउसचे एक पान अडवले. त्या पानावर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन व उपराष्ट्राध्यक्ष गोर यांची सपत्नीक माहिती होती आणि पत्त्यात 'जोडपी' या अर्थाचा इंग्रजी शब्द होता. तेवढा शब्द चाळणीला पुरला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या रहिवाशांना अमेरिका ऑनलाइन या सेवेत खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अश्लील शब्द दडलेला आहे.

हे किस्से हसून सोडून देण्याजोगे वाटतात. २००२ मध्ये झालेली मोजणी मात्र तशी नाही. अमेरिकेत २००० साली कायदा झाला आणि सरकारी सवलतीत इंटरनेट घेणाऱ्या शाळांना व ग्रंथालयांना चाळणी सक्तीची झाली. तेव्हा कायझर फॅमिली फाउंडेशनच्या अभ्यासात सात सॉफ्टवेअरची परीक्षा घेण्यात आली. एका बाजूला आरोग्यविषयक माहिती देणारी ३,०५३ संकेतस्थळे, दुसऱ्या बाजूला ५१६ अश्लील संकेतस्थळे. चाळणी सर्वांत सैल ठेवली तेव्हा अश्लील स्थळांपैकी सरासरी ८७ टक्के अडली आणि आरोग्याच्या स्थळांपैकी १.४ टक्के अडली. चाळणी सर्वांत कडक केली तेव्हा अश्लील स्थळांपैकी ९१ टक्के अडली, पण आरोग्याच्या स्थळांपैकी २४ टक्के अडली.

हे आकडे फळ्यावर मांडून पाहा. कडकपणा वाढवल्याने ५१६ पैकी सुमारे २० वाईट स्थळे जास्त अडली. त्यासाठी ३,०५३ पैकी सुमारे ६९० चांगली स्थळे गमवावी लागली. वीस वर्षांपूर्वीची ती सॉफ्टवेअर आज नाहीत, त्यामुळे हेच आकडे आजच्या वस्तूला लावता येणार नाहीत. पण धडा शिल्लक राहतो. 'जितके कडक तितके सुरक्षित' हे समीकरण मोजणीत टिकले नाही.

ब्रिटनमध्ये २०१३ च्या डिसेंबरात बीबीसीच्या 'न्यूजनाइट' कार्यक्रमाने तिथल्या इंटरनेट कंपन्यांच्या चाळण्या तपासल्या. तेव्हाही लैंगिक शिक्षण देणारी आणि अत्याचारपीडितांना मदत करणारी काही संकेतस्थळे अडलेली आढळली. म्हणजे ज्या मुलीवर अत्याचार झाला आहे आणि जी कुणाला न सांगता मदत शोधते आहे, तिच्या समोर 'हे पान तुमच्यासाठी योग्य नाही' अशी पाटी येणार. तक्त्यातल्या कोणत्याही रकान्यात या चुकीची किंमत लिहिलेली नसते.

मराठीचे काय?

शब्द पाहून अडवणारी चाळणी मराठीला लावली तर काय होईल, हे घरबसल्या तपासता येते. 'स्तन' हा शब्द वर्ज्य यादीत घाला. 'स्तनपान' आणि 'स्तनदा माता' अडतील, आणि त्यांच्याबरोबर सहावी-सातवीच्या विज्ञानातले सगळे 'सस्तन प्राणी'ही अडतील. 'लिंग' घाला. व्याकरणातले पुल्लिंग, स्त्रीलिंग व नपुंसकलिंग जातील, बारा ज्योतिर्लिंगे जातील, लिंगायत समाजाचा इतिहास जाईल आणि जनगणनेतले लिंग-गुणोत्तरही जाईल. 'दारू' घातला तर दारूबंदीची चळवळ, शोभेची दारू आणि शिवकालीन किल्ल्यांवरची दारूकोठारे एकाच वेळी दिसेनाशी होतील. 'भांग' घातला तर केसांचा भांगही जाईल.

उलट बाजूने पाहिले, तर आपली मुले मराठी लिहितात ती बऱ्याचदा रोमन लिपीत, आणि एकच शब्द पाच जण पाच तऱ्हांनी लिहितात. देवनागरीतही 'ऱ' हे अक्षर संगणकात एका चिन्हाने साठवता येते, तसेच 'र' आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही साठवता येते. डोळ्यांना दोन्ही सारखी दिसतात, पण शब्दयादीला ती वेगळी वाटू शकतात. मराठीतली शिवी, धमकी किंवा लघळपणा ओळखायला संदर्भ लागतो, तो यादीत नसतो. 'अनेक भाषांत उपलब्ध' असे वेष्टनावर लिहिलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ बटणांवरचा मजकूर मराठीत आहे की मराठी मजकूर तपासला जातो, हे कंपनीला विचारले पाहिजे. या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

चाळणी वेगळी, हेरगिरी वेगळी

तक्त्यांचा सर्वांत मोठा दोष यापुढचा आहे. ते दोन भिन्न जातींच्या वस्तू एकाच रांगेत बसवतात. एक जात अडवणाऱ्यांची. दुसरी जात पाहणाऱ्यांची. मुलाचे संदेश, फोटो, कोणाला फोन केला, आत्ता कुठे आहे, हे सारे टिपून पालकांना दाखवणारी. यांतली काही तर मुलाला कळणारही नाही अशा रीतीने दडून काम करतात, आणि 'गुप्तपणे चालते' ही सोय म्हणून तिलाही बरोबरची खूण मिळते.

टिपलेली माहिती कुठेतरी साठते, हे यात विसरले जाते. २०१८ च्या मे महिन्यात 'टीनसेफ' या अमेरिकी सेवेचा सर्व्हर उघडा पडलेला सापडला. त्यात पालकांचे ईमेल पत्ते होते, आणि मुलांच्या अ‍ॅपल खात्यांचे पासवर्ड साध्या वाचता येण्याजोग्या स्वरूपात होते. सेवा चालावी म्हणून त्या खात्यांचे दुहेरी कुलूपही आधीच काढायला सांगितलेले होते. त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एकोमेट्रिक्स या कंपनीवर कारवाई केली. तिच्या 'सेंट्री' या पालकांसाठीच्या सॉफ्टवेअरमधून मिळालेली मुलांची माहिती बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्यांना पुरवली जात होती, आणि पालकांना त्याची नीट कल्पना दिलेली नव्हती. मुलाला परक्यांपासून वाचवण्यासाठी घेतलेली वस्तू त्याची माहिती परक्यांच्या हाती देत होती.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे. मुलांची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घेण्याचे, आणि मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती न दाखवण्याचे बंधन त्यात कंपन्यांवर आहे. याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू करायचे ठरले. पण कायदा कंपनीला बांधतो. संमतीचे बटण दाबणारा हात पालकांचाच असतो, आणि तो दाबण्याआधी अटी वाचण्याचे काम कायदा करून देत नाही.

मुलांना यातले काय वाटते, हेही कुणी विचारत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत एका संशोधकगटाने अशा ३७ अ‍ॅपविषयी मुलांनी स्वतः लिहिलेले ७३६ अभिप्राय वाचले. ७९ टक्के अभिप्रायांत पाचपैकी दोन किंवा त्याहून कमी तारे होते. आता, ज्याचा खेळ बंद झाला तो चिडणारच, आणि चिडलेलाच अभिप्राय लिहायला बसतो. म्हणून या टक्केवारीवरून सगळ्या मुलांचे मत काढणे चूक ठरेल. तरीही घरातल्या माणसांनी आपल्यावर पाळत ठेवली, अशी तक्रार मूल करते तेव्हा ती नुसता हट्ट म्हणून बाजूला सारता येत नाही. चोरून ठेवलेली पाळत एके दिवशी उघडकीला येते. त्यानंतर मुलाला खरोखर कुणी धमकावले, त्याचा फोटो पसरवण्याची भीती घातली, तर ते मूल घरी येऊन सांगेल का? मुलांना फसवणारे आणि छळणारे बहुधा गप्पांमधून, खेळांमधून, कधी ओळखीतून येतात. तिथे वर्ज्य संकेतस्थळांची यादी कामाला येत नाही. कामाला येते ते मुलाने वेळेवर तोंड उघडणे. ज्या उपायाने तेच बंद होईल, तो उपाय महागात पडतो.

मग उपयोग काहीच नाही का?

आहे, पण मर्यादित. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या इंटरनेट इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी युरोपातल्या हजारो मुलांच्या माहितीवरून हिशेब मांडला. घरात चाळणी असण्या-नसण्याचा मुलांना अश्लील मजकूर दिसण्याशी जवळजवळ संबंधच आढळला नाही. एका मुलाला अशा मजकुरापासून वाचवायचे तर कमीत कमी १७ आणि जास्तीत जास्त ७७ घरांत चाळणी बसवावी लागेल, असा त्यांचा अंदाज होता. हा अभ्यास पाहणीवर आधारलेला आहे, प्रयोगावर नाही. तेव्हा तो अखेरचा शब्द मानण्याचे कारण नाही. पण 'हे घाला आणि निर्धास्त व्हा' या जाहिरातीला त्यात आधार नाही, एवढे नक्की.

ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये सुमारे ८.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चून घरोघरी फुकट चाळणी देण्याची योजना आखली. मेलबर्नमधल्या सोळा वर्षांच्या एका विद्यार्थ्याने ती सुमारे अर्ध्या तासात निकामी करून दाखवली. ती बंद पडल्यावरही पडद्यावरची तिची खूण तशीच राहत होती, म्हणजे पालकांना वाटावे की सगळे ठीक चालले आहे. निर्धास्तपणा हाच इथे धोका झाला.

लहान मुलांची गोष्ट वेगळी आहे. सात-आठ वर्षांचे मूल चाळणी फोडायला जात नाही. चुकून बोट लागून नको ते उघडते, एवढाच त्याचा प्रश्न असतो. त्याला परवानगीच्या मोजक्या यादीची चाळणी चांगली उपयोगी पडते, आणि त्यात गमावण्यासारखेही थोडे असते. तेराव्या-चौदाव्या वर्षी हीच चाळणी जाचक आणि निरुपयोगी ठरते, कारण त्या वयातल्या प्रश्नांची उत्तरे शोधायला मोठे जग लागते. वयाबरोबर चप्पल बदलतो, तशी चाळणीही बदलायला नको का?

निवड करताना

तक्ता बाजूला ठेवून पालकांना पुढील प्रश्न या क्रमाने विचारायला सांगावे.

पहिला: भीती कशाची आहे? अश्लील मजकुराची, रात्री उशिरापर्यंत जागण्याची, अ‍ॅपवर पैसे जाण्याची, की अनोळखी माणसाची? शेवटच्या भीतीवर चाळणीचा उपाय जवळपास नाही. मधल्या दोन्हींना फोनमधली फुकट सोय बहुधा पुरते.

दुसरा: फोन कुणाचा आहे? आपल्याकडे पुष्कळ घरांत एकच मोबाईल आईपासून धाकट्यापर्यंत फिरतो. मुलाच्या स्वतंत्र फोनसाठी बनवलेले सॉफ्टवेअर तिथे बसत नाही. काही अँड्रॉइड फोनवर वेगळ्या वापरकर्त्याचे खाते उघडता येते, तो मार्ग आधी पाहावा.

तिसरा: ते अडवते की पाहते? पाहत असेल तर माहिती कुठे साठते, किती दिवस राहते आणि सॉफ्टवेअर काढून टाकल्यावर ती पुसली जाते का? उत्तर मिळाले नाही तर घेऊ नये.

चौथा: मुलाला ते असल्याचे माहीत आहे का, आणि एखादे पान अडले तर 'हे उघडा' असे विचारण्याची सोय त्यात आहे का? गुप्तपणे चालणारे सॉफ्टवेअर या प्रश्नावर आपोआप नापास होते.

पाचवा: ते किती चुकते? हे तपासण्याचे काम शिक्षक छान करू शकतात. जी उघडायलाच हवीत अशी वीस पाने कागदावर लिहा. मासिक पाळी, स्तनपान, सस्तन प्राणी, एचआयव्ही, कुटुंबनियोजन, व्यसनमुक्ती, बालकांसाठीच्या १०९८ या मदतक्रमांकाची माहिती. निम्मी पाने मराठीत असू द्या. सॉफ्टवेअर चालू करून एकेक उघडा आणि अडलेली मोजा. मग कडकपणा एक पायरी वाढवून पुन्हा मोजा. विनामूल्य चाचणीचा काळ यासाठी पुरेसा असतो. आठवी-नववीच्या मुलांना या मोजणीत घेतले, तर टक्केवारीचा एक जिवंत पाठही होईल आणि चाळणी कशासाठी असते याची चर्चाही होईल.

राहिला शाळेचा वाटा. प्रत्येक मुलाला शाळेतले एक मोठे माणूस असे ठाऊक हवे, की ज्याच्याकडे फोनवर घडलेली लाजिरवाणी गोष्ट घेऊन जाता येईल आणि 'तू तिथे गेलासच कशाला?' हा प्रश्न ज्याच्याकडून पहिल्यांदा ऐकावा लागणार नाही. १०९८ हा क्रमांक आणि सायबर गुन्ह्यांचे राष्ट्रीय तक्रार पोर्टल यांची माहिती सूचनाफलकावर असावी, आणि ते पोर्टल शाळेच्या स्वतःच्या संगणकावर उघडते ना, हे एकदा पाहून घ्यावे. शाळेत बसवलेल्या चाळणीचीही कुणी मोजणी केलेली नसते.